सोडचिठ्ठीच्या दिवशीचं जेवण

बारामतीच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून प्रयागानं कागदावर अंगठा उठवला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अर्जनविसानं कागद उचलून शाईवर फुंकर मारली, रावजीकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाला, "झालं. आता ती मोकळी, तूही मोकळा."

रावजीच्या कोपरीच्या खिशात प्रयागाचं डोरलं होतं. सकाळी पंचांसमोर तिनं ते स्वतःच्या हातानं गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवलं होतं आणि पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं होतं. रीतच तशी होती. ती रडेल, असं रावजीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. परडीतून भाजी काढून द्यावी तसं तिनं डोरलं दिलं.

रावजी जळोचीचा माळी. कॅनॉलच्या चारीवर त्याचं रान होतं. वांगी, मिरची, कोथिंबीर आणि बांधावर शेवगा. प्रयागा बावड्याची, इंदापूरच्याही पलीकडची. ती लग्न होऊन आली त्याला तेरा वर्षं झाली होती. दोनदा तिला दिवस गेले, दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. तिसऱ्यांदा काही झालंच नाही. रावजीची आई फुलाबाई वाट बघून थकली आणि एके दिवशी कोऱ्हाळ्याची छबू सून करून घेऊन आली. वर्षाच्या आत छबूला मुलगा झाला.

घरात भांडण झालं नाही. फुलाबाई तोंडाची वाईट नव्हती, छबू तर प्रयागाला 'आक्का, आक्का' करत मागं मागं असायची. प्रयागानं आपलं अंथरूण माजघरातून उचलून पडवीत नेलं, कणगीच्या शेजारी. दिवसभर ती रानात असायची. वाफे बांधणं, पाण्याची पाळी धरणं, शेंगा तोडणं, जुड्या बांधणं, सगळं तिचंच होतं. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती जेवायची आणि पडवीत जाऊन पडायची. रावजी तिच्याशी बोलायचा ते पाण्याबद्दल आणि मिरचीवरच्या किडीबद्दल. असं चाललंय ते बरं चाललंय, असं त्याला खरंच वाटत होतं.

मग संक्रांतीच्या सुमारास तिचा भाऊ दत्तोबा आला. बावड्यात सोपान म्हणून एक बिजवर होता, बायको मेलेली, दोन लहान मुली. पाट लावायला तयार होता. दत्तोबा हे सगळं फुलाबाईशी ओसरीवर बसून बोलला. रावजीनं ऐकलं आणि त्याला हसू आलं. प्रयागा कशाला जाईल? तिला इथं काय कमी होतं?

दुसऱ्या दिवशी रानात, ती वाफ्याला पाणी देत असताना, त्यानं विचारलं, "दत्तोबा काय म्हनतोय ते ठावं हाय का तुला?"

"हाय."

"मंग?"

तिनं खोऱ्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं. पाणी वळलं. मग ती म्हणाली, "मी जानार."

"अगं, हितं काय कमी हाय तुला?"

"कमी काय न्हाय." ती जरा थांबली. "पर माझं काय हाय हितं?"

तिनं मघाशी बुजवलेलं तोंडच परत उघडलं, आणि रावजी बांधावरून घराकडं निघून गेला.

तर अशा रीतीनं चैत्रातल्या त्या दुपारी ती दोघं कचेरीच्या आवारात उभी होती. दत्तोबाबरोबर बावड्याचा एक म्हातारा पंच आला होता. उन्हानं त्याला भोवळ आली, तेव्हा दत्तोबा त्याला धरून वैद्याकडं न्यायला निघाला. जाताना तो घुटमळला. बहिणीला भर बाजारात एकटं कसं सोडायचं?

"दाजी," तो सवयीनं म्हणाला आणि एकदम जीभ चावली. "म्हंजे... रावजीराव, हिला जरा बघा. मोटार तिसऱ्या प्रहरी हाय इंदापूरला जायला. मी आलोच."

तो गेला. जळोचीचा पंच आधीच निघून गेला होता. लिंबाखाली दोघंच उरली. प्रयागानं आपलं गाठोडं काखेत धरलं होतं. त्यात दोन लुगडी आणि तिच्या आईनं दिलेली एक पितळी वाटी, एवढंच होतं.

"तू काय खाल्लंस का सकाळी?" रावजीनं विचारलं.

"न्हाय."

"छबूनं भाकरी बांधून दिली व्हती न्हवं?"

"ठिवून आले. त्या घरची भाकरी आता कशी खाऊ?"

ती हे रागानं बोलली नव्हती. त्यानंही काही खाल्लं नव्हतं. आजूबाजूला भेळवाले होते, गुळाच्या गाड्या होत्या, कॅनॉलपट्टीतले उसवाले सावलीला बसून दशम्या सोडत होते. तिथं बसून हिला काय खायला द्यायचं? तेवढ्यात त्याला मद्राशाचं हॉटेल आठवलं.

तीन वर्षांपूर्वी दौंडवरून येणाऱ्या छोट्या गाडीनं एक माणूस बारामतीत उतरला होता. सुब्राय भट त्याचं नाव. त्यानं पेठेत एक लांबट दुकान भाड्यानं घेतलं आणि इडली, दोसा आणि कॉफीचं हॉटेल काढलं. दारावरच्या पाटीवर मराठीखाली जिलबीसारखी गोल गोल अक्षरं होती. तो सगळ्यांना सांगायचा, "मी मंगळूर. मंगळूरकडचा." पण बारामतीकरांनी त्याला मद्राशी ठरवला तो ठरवलाच. रावजी त्याच्याकडं एक दिवसाआड शेवग्याच्या शेंगा आणि कोथिंबीर टाकायचा, मागच्या दारानं. हॉटेलात बसून खाणं त्याला कधी सुचलं नव्हतं. ते वकील, व्यापारी आणि कचेरीतल्या कारकुनांचं काम.

"चल," तो म्हणाला. "मद्राशाकडं खाऊ काहीतरी."

"मी? हाटेलात?"

"मंग काय झालं?"

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि त्याच्या मागं चार पावलं ठेवून चालू लागली, जशी ती तेरा वर्षं चालत आली होती. पेठेत गर्दी होती. दोनदा रावजीनं मागं वळून पाहिलं, ती येतेय ना म्हणून. पूर्वी त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं, ती येतेच हे त्याला ठाऊक असायचं.

हॉटेलच्या दारात बाई उभी राहिलेली पाहून आतली बोलणी थांबली. एक टोपीवाला कपबशी तशीच ओठाशी धरून बघत राहिला. प्रयागा पायरीवरच थबकली. सुब्राय भट गल्ल्यावरून उठला. बुटका, उघड्या अंगावर जानवं, कपाळाला गंधाची उभी रेघ. त्यानं रावजीला ओळखलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"या, या! शेंगावाले! इकडे नको, इकडे सगळा पुरुष. आत या."

त्यानं दोघांना माणसांमधून आत नेलं. मागं एक खोली होती, एका बाजूला दगडी रगडा, भिंतीशी तांदळाची पोती, आणि खिडकीखाली एक लहान टेबल. दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर तो स्वतः तिथं बसून जेवत असावा. त्यानं टेबल पंच्यानं पुसलं, दोन्ही बाजूंना दोन स्टुलं मांडली.

"ही तुमची मंडळी?" त्यानं रावजीला विचारलं.

रावजीनं तोंड उघडलं. खरं उत्तर फार लांबलचक होतं आणि या माणसाला ते निम्मंही कळलं नसतं. "व्हय," तो म्हणाला.

प्रयागानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

ती स्टुलाच्या कडेवर टेकली आणि सवयीनं भिंतीकडं तोंड करून बसली. भटानं केळीच्या पानांवर इडल्या आणल्या, पितळी वाट्यांतून सांबार, खोबऱ्याची पांढरी चटणी. पानं ठेवून तो बाहेर गेला. रावजीनं एक इडली मोडली. प्रयागा तशीच बसून होती.

"खा की."

"तुमी आधी खावा."

रावजीचा हात पानावरच राहिला. बाहेर कुणीतरी कॉफी मागत होतं. तो म्हणाला, "आता कशाचं आधी अन् कशाचं मागनं?"

तिनं क्षणभर विचार केला. मग ती स्टुलावर नीट सरकून बसली, वळली, आणि तिचं तोंड त्याच्यासमोर आलं. खिडकीतला उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या होत्या, एका भुवईत जुनी खोक होती. ही खोक कधीची, हे रावजीला माहीत नव्हतं. विचारायला आता उशीर झाला होता, तरी त्यानं विचारलं.

"ही?" तिनं भुवईला बोट लावलं. "शेवगा लावला त्या साली. बांधावरनं घसरले, दगड लागला. तुमीच तर हळद आनून दिली."

त्याला आठवेना.

तिनं इडलीचा तुकडा तोंडात घातला. "कापसावानी लागतंय. पीठ आंबवत असतील." मग सांबाराची वाटी जवळ घेतली, त्यातली शेंग उचलून दातांनी ओढली आणि तिचे डोळे मोठे झाले. "ही तर आपली शेंग!"

"असंल. परवाच टाकल्या."

"आपलीच. बघा की, कसा गर हाय." ती थांबली. हातातली शेंग तिनं वाटीत ठेवली. "तुमची," ती म्हणाली.

भट दोसे घेऊन आला, कडेला कुरकुरीत, आत बटाट्याची भाजी. प्रयागानं पदरात तोंड लपवून हसत म्हटलं, "ही तर धिरड्याची थोरली भैन." आणि रावजीही हसला. तिचं हसणं इतक्या जवळून त्यानं ऐकलं नव्हतं. घरात तिच्या हसण्याचा आवाज यायचा तो चुलीकडून, भिंतीपलीकडून, बायकांमध्ये बसलेली असताना.

"तुमी डाव्या अंगानंच चावता," ती एकदम म्हणाली.

"दाढ दुखती."

"कवापासनं?"

"झालं वरीस."

"मला ठावंच न्हाय." तिनं मान हलवली. "तुमाला वाढलं की मी आत जायची. तुमी कसं जेवता ते आज बघतीया."

मग ती बोलायला लागली. पाण्याची पाळी मंगळवारी असते, तेव्हा चारीच्या तोंडाशी आदल्या सांजंलाच जाऊन बसायचं, न्हाय तर वरचा रानवाला पाणी फिरवतो. मिरचीचं बी आडभिंतीच्या कोनाड्यात गाडग्यात आहे, राखेत घातलेलं, ते पेरणीआधी चाळून घ्यायचं. तांबडी गाय दूध काढताना पाय झाडते, छबूला सांगा तिच्या मानेला आधी खाजवायचं. छबूच्या पोराचा डावा कान वाहतो, थंडीत कापूस घालायला विसरू नका. रावजी ऐकत होता. ती एकेक गोष्ट सांगत होती आणि त्याला वाटत होतं, आपण या घरात राहत होतो की नुसतेच जात-येत होतो?

"तो सोपान," त्यानं विचारलं, "कसा हाय?"

"एकदाच बघितलाय. बोलला न्हाय काय. पोरींला पुढं बसवलं त्यानं." तिनं दोशाचा तुकडा मोडला पण खाल्ला नाही. "धाकटी तोतरी हाय. माझा पदर धरून बसली. सोडंचना."

"म्हनून जातीस?"

"म्हनूनबी."

रावजीनं पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. "तू ऱ्हा म्हनलो असतो मी," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तू इचारलं असतंस तर."

"मी कशी इचारू?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "वाफ्यावर तुमी इचारलं, तवा मी थांबले व्हते. बुजवलेलं तोंड परत उघडलं मी, तुमाला कळलं बी न्हाय. तुमी काहीतरी म्हनाल म्हनून वाट बघितली. तुमी बांधावर चढला अन् गेला."

रगड्याच्या भोवती माश्या घोंघावत होत्या. रावजी पानाकडं बघत बसला.

तेवढ्यात सुब्राय भट पुन्हा आत आला. हातात पितळेचं ताम्हन होतं. त्यात एक नारळ, दोन केळी, अबोलीचा लहानसा गजरा आणि कुंकवाची कोयरी. त्यानं आंघोळ केल्यासारखे पाण्याचे हात डोक्यावरून फिरवले होते आणि पंचा नीट खांद्यावर घेतला होता. तो प्रयागासमोर उभा राहिला.

"उन्हात कुंकू पुसला तुमचा," तो म्हणाला. त्यानं आपल्या कपाळाकडं बोट केलं, मग तिच्या. "माझ्या हॉटेलात पहिली बाई तुम्ही. तीन वर्ष. एक पण बाई आला नाही. माझी बायको गावाला, आई गावाला. सुवासिनी जेवला घरात तर असं पाठवायचा नाही आम्ही. घ्या." आणि त्यानं कोयरी पुढं केली.

प्रयागा उठून उभी राहिली. पदर सावरताना तो जरा सरकला आणि तिचा मोकळा गळा दिसला. तिनं कोयरीकडं पाहिलं. रावजीला वाटलं, ती बोट बुडवेल. एक क्षण त्याची तशी इच्छाही झाली. एवढ्या एका खोलीत, या परक्या माणसासमोर, कुणाला कळणार होतं?

"न्हाय, बाबा," ती हळूच म्हणाली. "मला न्हाय लावता यायचं. ह्यांची माझी आजच सोडचिठ्ठी झाली."

भटाला तो शब्द कळला नाही. तो हसत दोघांकडं बघत राहिला. तिनं आपल्या गळ्याला हात लावला, मग रावजीच्या खिशाकडं बोट केलं. रावजीनं खिशातून डोरलं काढून टेबलावर ठेवलं. काळे मणी केळीच्या पानाच्या कडेला पडले.

भटाचं हसू हळूहळू गेलं. त्यानं कोयरीचं झाकण लावलं. तो आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला, मग म्हणाला, "चूक झाला. माफी." पण तो तिथून हलेना. कोयरी त्यानं पंच्याच्या टोकात गुंडाळली. ताम्हनातला नारळ आणि केळी उचलली आणि तिच्या गाठोड्यावर ठेवली. गजऱ्याचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो खिडकीच्या फळीवर ठेवला आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं कॉफीचे दोन पेले आले, ते त्यानं दारातूनच सरकवले. आत पाहिलं नाही.

"का म्हनलात व्हय?" प्रयागानं विचारलं. "मंडळी म्हनून?"

"काय म्हनू मंग?"

"मी आजवर कवा खोटं बोलले न्हाय तुमच्याशी," ती म्हणाली. "तुमीबी कवा बोलला न्हाय. बोललोच न्हाय आपन, तर खोटं कुठलं? आज पैल्यांदा बोललो, तर ह्ये."

ती पुन्हा खाली बसली. कॉफी कडू होती. तिनं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि तरी सगळी प्यायली. रावजीनं डोरलं परत खिशात ठेवलं. त्याला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. पहिलं मूल गेलं त्या दिवशी तो चारीवर जाऊन रडला होता, हे तिला माहीत नव्हतं. पण ते सांगायला जेवढा वेळ लागला असता तेवढा नव्हता. बाहेर दत्तोबाचा आवाज आला. तो हॉटेलच्या दारात कुणाला तरी विचारत होता, एक माळी आणि एक बाई दिसली का म्हणून.

प्रयागानं गाठोडं उचललं. नारळ आणि केळी तिनं पदरात बांधली. दाराशी जाऊन ती थांबली आणि म्हणाली, "दाढंला लवंग धरत जा." मग ती बाहेर गेली.

मोटारीच्या थांब्यापर्यंत रावजी त्यांच्याबरोबर गेला. आता ती दत्तोबाच्या मागं चालत होती. मोटार भरलेली होती, टपावर गाठोडी आणि करडांच्या पाट्या होत्या. तिला मागं दोन बायकांच्या मध्ये जागा मिळाली. म्हातारा पंच पुढं बसला होता, डोक्यावर ओलं फडकं घेऊन. दत्तोबानं रावजीला रामराम केला. मोटार धुरळा उडवत इंदापूरच्या रस्त्याला लागली. रावजीला तिचं तोंड दिसलं नाही, शेजारच्या बाईची पाठ दिसली.

घरी गेल्यावर फुलाबाईनं विचारलं, "झालं का रं सगळं नीट?" तो म्हणाला, "झालं." संध्याकाळी छबूनं ताट वाढलं आणि ती आत वळली. "बस की," रावजी म्हणाला. "माझ्यासंगट जेव." छबू गोंधळून सासूकडं बघायला लागली. फुलाबाई म्हणाली, "काय येड लागलंय का? पोरगं रडतंय तिचं." छबू आत गेली. रावजीनं पुन्हा तिला कधी बस म्हटलं नाही.

त्यानंतर एक दिवसाआड तो भटाच्या मागच्या दारी शेंगा टाकायला जाई, तेव्हा भट त्याला पायरीवर बसवून कॉफी देऊ लागला. भट स्वतःही पेला घेऊन शेजारी बसे. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती आणि बोलायला काही नव्हतंही. भटानं प्रयागाबद्दल कधी विचारलं नाही. कधी तो आपल्या गावाकडच्या नदीबद्दल हातानं काहीतरी दाखवी. रावजी मान हलवी. पेले रिकामे झाले की तो उठून जाई. रावजीला त्या पायरीची सवय झाली.

पुढं दिवाळीला भटानं हॉटेल महिनाभर बंद ठेवलं आणि परत आला तो बायकोला घेऊन. रावजी शेंगा घेऊन गेला तर मागच्या दारात हिरवं लुगडं वाळत होतं आणि आतून बांगड्यांचा आवाज येत होता. भटानं त्याला पाहून मोठ्यानं हाक मारली, "शेंगावाले, कॉफी?" पण परक्या घरच्या बाईच्या दारात कसं बसायचं? रावजी म्हणाला, "न्हाय, आज घाई हाय." मग दर खेपेला घाई असू लागली. भटानंही हळूहळू विचारणं सोडलं.

दोन वर्षांनी रावजी बैल बघायला इंदापूरच्या बाजाराला गेला. बैल काही पसंत पडला नाही. उन्हाचा तो धान्याच्या आळीतून चालला होता, तर समोरून प्रयागा येताना दिसली. अंगानं भरली होती. हिरव्या बांगड्या, कपाळाला मोठं कुंकू. तिच्या पदराला धरून एक सात-आठ वर्षांची मुलगी चालत होती आणि अडखळत, भराभर काहीतरी सांगत होती. प्रयागा तिच्याकडं वाकून, प्रत्येक शब्दाला थांबून, ऐकत होती. तिनं वर पाहिलं आणि रावजी दिसला. ती थबकली नाही. सरळ जवळ आली आणि म्हणाली,

"रावजीराव, बरं हाय न्हवं?"

तेरा वर्षं तिनं 'अवो' म्हटलं होतं. उखाणा सोडला तर त्याचं नाव तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. आता तिला ते घ्यायला काहीच हरकत नव्हती. बाजारात भेटणाऱ्या कुणाही माणसाचं घ्यावं तसं तिनं ते सहज घेतलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "तुमी?"

"आमीबी बरं." तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "ही भिमा. रामराम कर गं पावन्यांला."

मुलीनं हात जोडले. "रा... रा... राम..."

"सावकाश," प्रयागा म्हणाली. "कुनाला घाई न्हाय."

मुलीनं पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत नेलं. रावजीनंही हात जोडले. मग मायलेकी धान्याच्या ढिगांमधून पुढं गेल्या. रावजी आळीच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथं दोरखंडाचं दुकान होतं. त्यानं उगाच एक कासरा हातात घेऊन पाहिला, पीळ तपासला आणि जागेवर ठेवला. दुकानदारानं विचारलं, "काय नाव पावनं? कुठलं गाव?"

"जळोची," तो म्हणाला, आणि मोटारीच्या थांब्याकडं निघाला.